सकाळी सातची नोंद

साइमा कांगासचा फोन आला तो संगणकाबद्दल. तिचा नवरा ताउनो जाऊन नऊ दिवस झाले होते. मी सांत्वनाची दोन वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

"डोरीन, त्या डब्यातून टक् टक् येतंय आणि डी ड्राइव्ह दिसत नाहीये," ती म्हणाली. "तुला त्यातलं कळतं ना?"

कळतं म्हणजे, मी सव्वीस वर्षं इथल्या दैनिकात छपाईआधीची पानं तपासली, आणि कचेरीतले संगणक अडले की ते उघडणारं दुसरं कुणी नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोकांना माझ्यातलं तेवढंच आठवतं.

ताउनोला मी ओळखत होते ते त्याच्या आकड्यांमुळे. तो हवामान कार्यालयाचा स्वयंसेवक निरीक्षक होता. केविनॉ द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, सुपीरियर सरोवराच्या काठावर त्याचं शेत आहे. अंगणात एका खुंटीशेजारी पांढरी रंगवलेली लाकडी फळी, सोळा इंच बाय सोळा इंच. रोज सकाळी सात वाजता तो फळीवरचा बर्फ पट्टीने मोजायचा आणि मग ब्रशने फळी झाडून, साठलेल्या बर्फाच्या वर सपाट ठेवून, पुढच्या चोवीस तासांसाठी कोरी करायचा. तापमान, बर्फ, शेवटी शेरा. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर रकान्यात M लिहायचा, अंदाज लिहायचा नाही, असा नियम आहे. जागा बदलली तर नोंद पहिल्यापासून मोजतात, हा दुसरा. ताउनोने ना कधी M लिहिला ना जागा बदलली. ३१ जानेवारीला त्याला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. १९ तारखेला सकाळी मोजणी करून तो आत आला, कॉफी प्यायला आणि नऊच्या सुमारास गोठ्याच्या वाटेवर पडला.

एकदा आम्ही साडेचार इंचाचे पंचेचाळीस छापले होते. त्याचा फोन आला. "जो आकडा आहे तो छापत जा," एवढंच बोलून त्याने ठेवला.

२८ तारखेला दहा वाजता मी पोचले. साइमा त्र्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेले, दोन काठ्या घेऊन घरातल्या घरात फिरते. ताउनो गेल्यापासून तिने उंबरा ओलांडला होता तो फक्त दफनाच्या दिवशी, तोही दोघांच्या आधाराने.

"हॅनकॉकहून यायला तास लावलास," ती म्हणाली. "तुम्ही कॉर्निश लोक बर्फात गाडी चालवता की बैल?"

संगणक शिवणाच्या टेबलाखाली होता. सोळा वर्षांचा जुना, पिवळट पडलेला उभा डबा. घरात इंटरनेट नव्हतं, ताउनोला ते नको होतं. मी बाजूचा पत्रा काढला. आत धूळ, मांजराचे केस आणि दोन हार्ड डिस्क. वरच्या डिस्कवर संगणक चालायचा. खालची दुय्यम डिस्क ताउनोने नंतर बसवली होती, आणि तिच्यावर एकच फाइल होती: पन्नास वर्षांच्या नोंदी. जुन्या वह्यांतलं त्याने दोन हिवाळे बसून टंकलं होतं. मग वह्या बंबात गेल्या.

"आकडे कार्यालयाकडे आहेत, या महिन्याचे सोडून," साइमा म्हणाली. "पण शेरे ते लोक ठेवत नाहीत. मला शेरे हवेत."

"काय लिहायचे त्यात?"

"मला काय माहीत? मला कधी दाखवले नाहीत. पण रोज लिहायचा. माझ्याशी रोज बोलायचा असं काही नाही."

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कळत नाही. मी आधी डिस्कची चपटी केबल बदलली. टक् टक्, मग शांतता. विजेची जोडणी बदलली. तेच. संगणक सुरू होताना पडद्यावर डिस्कचं नाव एकदा आलं, पुढच्या दोन वेळा त्या जागी रिकामी ओळ. तेव्हा मी ती डिस्क बाहेर काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. माझ्या जोडणीवर एक कळ आहे. ती दाबली की डिस्कवरचं वाचता येतं, डिस्कवर काही लिहिता येत नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहायचं नसतं. कळ दाबलेली आहे हे मी दोनदा पाहिलं.

नक्कल करणारा प्रोग्राम डिस्क तुकड्यातुकड्याने वाचतो. जो तुकडा वाचता येत नाही तो सोडतो आणि नंतर परत जाऊन प्रयत्न करतो. पहिल्या फेरीला चार तास लागले. फाइल उघडली. ११ जानेवारीपर्यंतच्या ओळी नीट होत्या, पुढे काही नव्हतं.

साइमाने चष्मा लावला आणि ती पडद्याजवळ सरकली. शेरे लहान होते. 'हरणं कुंपणाशी. सरोवर उघडं.' 'साइमाला खोकला. सरोवर उघडं.' शेवटी नेहमी सरोवर: उघडं, काठाला गोठलेलं, किंवा धुक्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फळी दिसते आणि तिच्यामागे सरोवर. साइमाने तास-दीड तास वाचलं. मध्ये एकदा म्हणाली, "खोकला दोन हजार आठचा. लक्षात होता म्हणायचा."

डिस्क तिथेच टेबलावर ठेवून मी घरी आले. अशा डिस्कला हलवलेलं चांगलं नसतं.

२९ला सकाळी नऊ वाजता दुसरी फेरी सुरू केली. अकराच्या सुमारास फाइल १९ तारखेपर्यंत भरली. शेवटची ओळ: उणे दोन, बर्फ तीन इंच, 'खांदा दुखतोय. सरोवर उघडं.'

साइमाने ती ओळ वाचून चष्मा काढला. "मला नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि जेवणाचं बघायला उठली.

काम झालं होतं. पण डिस्कवरचे तीन तुकडे अजून वाचायचे राहिले होते, म्हणून मी तिसरी फेरी लावली आणि टेबलाशी जाऊन बसले. तिने पेस्टी भाजली होती, आमचे कॉर्निश पूर्वज इथल्या खाणींत कामाला येताना घेऊन आले तो मांस-बटाट्याचा कानवला.

"यात गाजर घातलंत तुम्ही," मी म्हणाले.

"घातलं. तुमच्याकडून परवानगी काढायची होती का?"

"माझ्या आजोबांनी हे पाहिलं असतं तर उपाशीच खाणीत उतरले असते."

"उतरू देत. आमचे आजोबा आधीच खाली होते, गाजर खात."

ती हसली. त्या नऊ-दहा दिवसांत पहिल्यांदाच हसली असावी, असं मला वाटलं. लॅपटॉपमधून फेरी संपल्याची घंटी आली.

फाइल दहा ओळींनी वाढली होती. २० जानेवारी ते २९ जानेवारी. रोज सकाळी सात, तापमान, बर्फ, शेरा.

मी आधी फाइलीची तारीख पाहिली. शेवटचा बदल: १९ जानेवारी, सकाळी ७ वाजून १४ मिनिटं. मग कळ पाहिली. ती दाबलेलीच होती. मग फोनवर जवळच्या विमानतळावरच्या बर्फाचे आकडे काढले. ताउनोकडे बर्फ नेहमी विमानतळापेक्षा इंच-दोन इंच जास्त पडायचा, सरोवराच्या वाऱ्यामुळे. दहाही दिवस तो इंच-दोन इंच जास्त होता.

"हा संगणक कोणी चालू केला होता?"

"परवा मी. कार्यालयाचा फॉर्म छापायला. तेव्हाच तर टक् टक् ऐकलं."

मी पडदा तिच्याकडे वळवला. तिला न दाखवणं योग्य झालं नसतं.

२०: 'साइमा उठली नाही. सरोवर उघडं.' २४: 'काल अंगणात अकरा गाड्या. सरोवर काठाला गोठलेलं.' २६: 'माझा तपकिरी कोट गेला. सरोवर गोठलेलं.' २९: 'काल निळी गाडी. मागचा डावा दिवा बंद. सरोवर गोठलेलं.'

"कोट?" मी विचारलं.

"चर्चमधल्या बाईंना दिला. शनिवारी." तिने बोट पडद्यावरच्या ओळीखालून हळूहळू नेलं. "वीस तारखेला मी खरंच उठले नव्हते."

मी बाहेर जाऊन माझी निळी गाडी सुरू केली, दिवे लावले आणि मागे जाऊन पाहिलं. डावा दिवा बंद होता. अंगणात माझ्या आणि टपालवाल्याच्या पावलांखेरीज काही नव्हतं, आणि ती फाटकापासून दारापर्यंतच होती. फळीच्या बाजूला अडीच फूट बर्फ, एकही खूण नसलेला. फळीवर जेमतेम अर्धा इंच.

आत आले तेव्हा साइमा टेबलाशी बसून जानेवारीच्या कोऱ्या फॉर्मवर पेनाने आकडे उतरवत होती. २२ पर्यंत आली होती.

"तुम्ही हे पाठवणार?"

"का नको?"

"साइमा, हे कोणी मोजलं ते आपल्याला माहीत नाही."

"कोणी मोजलं ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही. मोजलं का, एवढंच विचारतात." ती लिहीत राहिली. "आणखी दोन दिवस, पोरी. परवा पन्नास होतात."

३० तारखेला मी साडेसहाला तिथे होते. रात्रभर बर्फ पडून थांबला होता. अंगणातल्या दिव्याखाली सगळं सपाट पांढरं होतं. फळी कुठे आहे हे फक्त तिच्या शेजारच्या खुंटीवरून कळत होतं. मागच्या दाराला आतून कडी होती. पट्टी आणि ब्रश दाराशेजारच्या खिळ्यांवर होते. दोन्ही कोरडे. मी हात लावून पाहिले.

आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहिलो. तिने वेलदोड्याचा पाव कापला होता. कोणी खाल्ला नाही.

सहा अठ्ठावन्न. फळीवर बर्फ.

सहा एकोणसाठ. फळीवर बर्फ.

साइमाने कप बशीत ठेवला. मी आवाजाकडे पाहिलं. तेवढाच वेळ.

फळी स्वच्छ होती. चारही कडा सरळ. तिच्यापर्यंत जाणारी किंवा तिच्यापासून येणारी एकही खूण नव्हती.

दाराला कडी तशीच होती. ब्रश खिळ्यावर होता. त्याच्या केसांत बर्फ होता आणि तो अजून वितळायला लागला नव्हता.

"सव्वापाच असेल," साइमा शांतपणे म्हणाली. "फार तर साडेपाच."

मी लॅपटॉप जोडला. ३० जानेवारी: सव्वापाच इंच. 'दोघी खिडकीत. सरोवर गोठलेलं.'

मी खुर्चीवर बसले. मला भीती वाटली का, असं नंतर एकाने विचारलं. मला जे वाटलं ते असं होतं: केबल बदलून झाली, जोडणी बदलून झाली, संगणक बदलून झाला. बदलायची एकच गोष्ट राहिली होती.

मी डिस्क कागदात गुंडाळली.

"काय करतेस?"

"एक दिवसासाठी घरी नेते. तिथे जोडून पाहते. हे या घरातलं आहे की डिस्कमधलं, ते कळेल."

"कळून काय करायचंय?"

"त्या फॉर्मवर तुमची सही जाणार आहे, साइमा. पन्नास वर्षांत त्यात एक खोटा आकडा नाही. उद्या दुपारी आणून देते."

"उद्या नको. परवा ने. उद्याचे सात वाजू देत."

"ही नुसती डिस्क आहे."

तिने काठ्या घेतल्या आणि ती दारापर्यंत माझ्याबरोबर आली. अडवलं नाही. "सावकाश ने," म्हणाली. "खड्डे आहेत."

मी डिस्क शेजारच्या सीटवर ठेवली. का कोण जाणे, तिला पट्टा लावला. हॅनकॉकला पोचल्यावर अभ्यासिकेतल्या खणात ठेवून खणाला कुलूप घातलं. केबल नाही, वीज नाही.

३१ला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"फळीवर बर्फ तसाच आहे," साइमा म्हणाली. "मी सहापासून बसलेय. मुद्दाम नजर हलवून परत पाहायचं, असं तीनदा केलं. तसाच आहे. आज काय लिहू मी, डोरीन?"

रकान्यात काय लिहायचं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होते. माझं परसदार लहान आहे, तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. मध्ये लाकडी बाक. बाकावर, कुंपणावर, सगळीकडे रात्रीचा बर्फ होता. बाकाच्या मधोमध एक चौकोन झाडलेला होता.

"डोरीन?"

"मी फोन करते तुम्हाला," मी म्हणाले.

मी पट्टी घेऊन बाहेर गेले. सोळा इंच. दुसऱ्या बाजूनेही सोळा. बाकापर्यंत फक्त माझी पावलं होती.

खणाचं कुलूप लागलेलं होतं. मी डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली, कळ दाबली. या वेळी ती एकदाही टक् वाजली नाही. एकसारखी, हलक्या आवाजात फिरत राहिली. फाइल लगेच उघडली.

३१ जानेवारी. सकाळी ७. उणे सहा. बर्फ तीन इंच.

शेरा: 'जागा बदलली. इथून सरोवर दिसत नाही.'