पाचव्या झेंड्याची मऊ माती

माझा भाऊ गोविंदा उजव्या हाताच्या बोटाला चिंधी गुंडाळून माझ्या घरी जेवायला बसतो.

भात कालवता येत नाही म्हणून ताट माझ्याकडे सरकवतो. तीस वर्षांचा बाप्या! लाज नाही.

आणि चिंधी सोड म्हटलं की... ताटावरून उठतो.

त्या चिंधीखाली काय आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई. गोष्टी रचता येत नाहीत मला. सन १९५७, चैत महिना, बल्लारपूरहून दोन कोसांवरचं आमचं गाव. आणि वेळ भर दुपारची. अंधारात भास झाला म्हणायची कोणाला सोय नाही.

आधीचं आधी सांगते.

आई मेली तेव्हा गोविंदा सहा वर्षांचा. मी वाढवला. आपण पेज पिऊन त्याला शाळेत धाडला.

माझी एकुलती एक मुलगी अकराव्या दिवशी गेली. बारसं उद्यावर आलं होतं. नाव राहूनच गेलं.

आमच्यात तान्हं लेकरू जाळत नाहीत. पुरतात. मामा उचलून नेतो. आईनं मागे जायचं नाही. मामा सांगेल तीच जागा.

श्रावण होता. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. गोविंदा तिला लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून घेऊन गेला.

लवकर परत आला... फार लवकर.

"कुठी ठेवलं?"

"तलावाच्या पाळीवर, बाई. मोहाखाली. दगड ठेवला, वरून बोरीचे काटे टाकले."

मी विश्वास ठेवला. भाऊ होता माझा.

आठ वर्षं चैतात मोहफुलं वेचायला गेले की पहिली ओंजळ त्या झाडाखाली ठेवायची. दोन शब्द बोलायची. घरी यायची.

मग खाणीच्या मोठ्या साहेबाला माळावर गोल्फचं मैदान पाहिजे झालं. लांब दांडीनं चेंडू मारायचा आणि दूर झेंड्याखालच्या भोकात घालायचा. शिकली-सवरली माणसं, असला खेळ!

गोविंदा त्याच्याबरोबर साखळी धरून माळ मोजत होता. साहेब म्हणे विचित्र होता. झाड तोडायचं नाही, नाला बुजवायचा नाही, तलाव आहे तसाच. जमिनीनं आधीच सगळं आखून ठेवलंय, आपण फक्त झेंडे लावायचे, असं म्हणायचा.

मी गोविंदाला धरलं.

"पाळीवरच्या मोहाले हात लागला तर तुह्या साहेबाले जाऊन सांगीन मी."

"तुह्या मोहाले कोन शिवते, बाई? साहेबानं कागदावर काढून ठेवला हाये तो. चेंडू तलावावरून उडन, मोहाच्या बाजूनं जाईन."

मला बरं वाटलं. त्या दिवशी त्याच्या भातावर तूप वाढलं मी. आठवलं की हात जाळावासा वाटतो.

नऊ झेंडे लागले. आठ ठिकाणी काही झालं नाही.

पाचवा झेंडा उघड्या माळावर होता. पाळीपासून लांब. तिथला राखणदार पोचू एक दिवस माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"बाई, भोकात पत्र्याचा डबा बसवला हाये. सकाळी पाहावं तं... डबा बाहेर. नीट उभा ठेवलेला."

"तुह्या मोहाच्या दारूनं काढला असन."

"हसू नको. चेंडू पडला की टन् वाजाले पाह्यजे. बाकी आठात वाजते. तिथी..."

"तिथी काय?"

"काहीच वाजत नाई. कोनी हातात झेलल्यावानी."

मी पुन्हा हसले. पोचू हसला नाही.

"आन् चेंडू काढाले हात घातला का... कोनीतरी बोट धरते."

त्याच आठवड्यात साहेबासमोर मर्दुमकी दाखवायला गोविंदानं त्या भोकात हात घातला. घरी आला तो बोटाला चिंधी बांधून. विचारलं तर म्हणे विंचू. विंचू चावलेला माणूस बोंबलतो. हा गप्प होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटी माळावर गेले.

ऊन नुसतं पेटलं होतं. वाटभर टिटवी डोक्यावर ओरडत होती. झेंड्याजवळ आले...

टिटवी थांबली.

वारा नव्हता. माझी चप्पलसुद्धा वाजेना.

सगळा माळ मुरमाचा. कुदळ मारली तर ठिणगी उडेल. आणि त्या भोकाभोवतीच हातभर जागा... मऊ. काळी. पावलाखाली दबणारी.

डबा बाजूला उभा होता.

मी खाली बसले. हात घातला.

आत गार होतं. माती हाताला लागली. मग...

बोटाभोवती काहीतरी वळलं.

लहान. मऊ. पण पक्कं. झोपलेलं लेकरू बोट धरतं तसं.

मी हात काढला नाही. ओरडले नाही. एकदम छातीत कळ आली, खाली पाहिलं तर...

चोळी दुधानं ओली झाली होती.

आठ वर्षांनी.

किती वेळ बसले ठाऊक नाही. तिनंच हळूहळू सोडलं.

घरी गोविंदा बाजेवर पडला होता. मी उभ्या उभ्या विचारलं.

"मोहाखाली ठेवलं होतं ना तिले?"

तो भिंतीकडे वळला.

"गोविंदा, मी काय विचारून राह्यली?"

"पाळीवर चिखल होता, बाई. पानी लय. मोहाच्या मुळ्यांत खंदता येईना... माळावर मुरूम काढलेला आयता खड्डा होता."

"आन् साहेबाले ती जागा कोनं दाखवली?"

"भोकं खंदता खंदता आमच्या हाताले फोडं आले होते. साहेब म्हने, माती मऊ कुठी हाये का..." त्यानं चिंधीचं बोट दुसऱ्या मुठीत धरलं. "मले एकच जागा ठाव होती."

माझ्या लेकीची जागा त्यानं दोनदा निवडली. दोन्ही वेळा खणायचा कंटाळा म्हणून.

साहेबानं पाचवा झेंडा काढला, भोक बुजवलं. तरी पोचू सांगतो, सकाळी माती उकरलेली असते. मी यंदा पहिली ओंजळ तिथे ठेवली. उकरलेल्या मातीत हात घातला. पुन्हा घातला. रोज घालते.

मला आता कोणी धरत नाही.

एवढंच मला कळत नाही. मनातून जात नाही.

काल गोविंदानं पुन्हा ताट सरकवलं. मी ताट ठेवलं बाजूला आणि चिंधी ओढून काढली. बोटावर चार बारीक वळ. वर्ष झालं, पण आत्ताच कोणी सोडल्यासारखे लाल.

तो रडत होता. "बाई, रात्रंदिवस धरून हाये. तू आई हायेस तिची. सांग तिले सोडाले."

मी ताट त्याच्यापुढे ठेवलं.

"मामा म्हनून तूनं उचललं होतं तिले, गोविंदा. अजून खाली ठेवलंच नाई. वागव आता. आन् भात आपल्या हातानं कालव."