सगुणाबाईंचा हात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. त्या हाताची नाडी मी याच बोटांनी मोजली.

सन १८८९, मार्गशीर्ष महिना, भरदुपार. कल्याणच्या एका दवाखान्यात मी कंपौंडर होतो. शहाडहून सगुणाबाई दाढ काढून घ्यायला आलेल्या. मोठं घराणं, घरात गोषा. सासरे महिपतराव दाराबाहेर बसले.

डॉक्टरांनी हिरडीत कोकेनची सुई टोचली. औषध नवं, त्याचं तेव्हा भारी कौतुक! हिरडी बधिर होईपर्यंत बाईंभोवती पडदा ओढला. आत त्या एकट्या. बाहेर फक्त त्यांचा हात.

"पंढरी, नाडी सोडू नकोस," डॉक्टर म्हणाले. "हे औषध कोणाकोणाच्या काळजावर जातं. एकशे वीसच्या जवळ आली, की ही कुपी फोडून त्यांच्या नाकाशी धर आणि मला हाक मार."

ते पलीकडच्या खोलीत गेले. बोटाच्या पेराएवढी काचेची कुपी जवळ ठेवून मी घड्याळावर नजर लावली.

अठ्ठ्याऐंशी... शंभर... एकशे दहा.

आत पाय आपटू लागले. बांगड्या किणकिणत होत्या.

"जीव नुसता धडधडतोय हो," बाई म्हणाल्या. "बसवत नाही मला."

एकशे अठरा. मी कुपी उचलली.

तोच... हात आत ओढला गेला.

तेव्हाच पडदा सारायला हवा होता. पण परक्या घरची बाई, दाराशी सासरे! मी आपला म्हणालो, "बाईसाहेब, हात द्या."

क्षणभर काहीच नाही...

मग हात आला.

घड्याळाकडे बघत मी ठोके मोजले. बहात्तर.

पुन्हा मोजले. बहात्तर. एक ठोका इकडचा तिकडे नाही. पाय शांत. बांगड्याही शांत. उतरलं एकदाचं, म्हणत मी कुपी खाली ठेवली. केवढं हायसं वाटलं मला!

दहा मिनिटांनी डॉक्टर आले. त्यांनी पडदा सारला... आणि ओरडलेच.

सगुणाबाई खुर्चीखाली पडल्या होत्या. दोन्ही हात छातीशी आवळलेले. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या.

डॉक्टरांनी कुपी फोडली, हात वरखाली करून श्वास भरायची खटपट केली. सगळं व्यर्थ.

"या केव्हाच गेल्यात," ते माझ्याकडे वळले. "पंढरी, तू नाडी कोणाची मोजत होतास?"

माझी मूठ रिकामी होती. बोटांना मात्र ठोके लागतच होते...

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तो दुसरा हात आला, तेव्हा बांगड्या वाजल्याच नव्हत्या.

महिपतरावांनी आपलं उपरणं सुनेच्या अंगावर घातलं आणि जाताना मला हात जोडले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात माझी बायको, शेवंती, तापाने फणफणली होती. सवयीने म्हणून गेलो, "हात दे गं."

गोधडीतून हात आला.

बांगड्या वाजल्या नाहीत...

मी मोजत बसलो नाही. गोधडीच ओढून काढली. शेवंती कुशीवर निजलेली, दोन्ही हात उशीखाली.

ती बरी झाली. पण त्या दिवसापासून मी कोणालाही 'हात द्या' म्हणत नाही. पडदा असो, गोधडी असो, आधी ती सारतो. मग हात मीच धरतो.