शेवटचे प्रकरण कोणी नेले?

"चोराला वाचायला बसवलंत तर चोरी होणारच, असं अध्यक्ष म्हणाले हो!" असे म्हणत ग्रंथपालबाई समोरच्या खुर्चीत धपकन बसल्या.

भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले. वहिनींकडे येणारी माणसे बहुतेक अशीच बसत. वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले आणि आता लोकांची कोडी सोडवतात. भावोजी त्यांच्याबरोबर हिंडत आणि हमखास चुकीच्या माणसावर संशय घेत.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "उदाहरण अर्धं वाचलं की उत्तर चुकतं."

बाईंचे वाचनालय अंध वाचकांसाठी होते. तिथे पुस्तके वाचून कॅसेटवर भरली जात. नुकतीच एक जुनी इंग्रजी कादंबरी मराठीतून वाचून पुरी झाली होती. तिचा नायक मोठा विचित्र. तरुणपणी स्वतःचा गुन्हा मित्राच्या माथी मारतो. मित्र तुरुंगात जातो, हा गावात मानाचा माणूस होतो. शेवटच्या प्रकरणात मात्र भर कोर्टात उभा राहून खरे सांगतो.

"आणि वाचणारा आमचा कुलूपवाला. आता कुलपं दुरुस्त करतो. पूर्वी..."

"उघडायचा," वहिनींनी वाक्य पुरे केले.

"हो. शिक्षा भोगून आलाय. तुरुंगात सोबत्यांना गोष्टी वाचून दाखवायचा. आवाज असा, की ऐकणारा जेवण विसरेल! त्याला कायमचा ठेवायचा का, हे समिती शेवटचं प्रकरण ऐकून ठरवणार होती. आज सकाळी कॅसेट लावली. लेबल 'शेवटचे प्रकरण', आणि वाजलं त्याच्या आधीचं! खरं शेवटचं गायब. अध्यक्ष म्हणाले, हे सराईताचं काम. एक कॅसेट नेली आणि दुसरीला तिचं लेबल डकवलं."

"स्वतःचंच वाचन कशाला चोरेल तो?" भावोजींनी विचारले.

"फसलं असेल म्हणून लपवलं, असं ते म्हणतात. संध्याकाळच्या बैठकीत त्याला काढून टाकतील. एकदा निघाला की त्याला पुन्हा कोण दारात उभं करणार?"

वहिनींनी चपला घातल्या.

वाचनालयात ध्वनिमुद्रणाची खोली गोधड्यांनी मढवलेली होती, आवाज घुमू नये म्हणून. शेजारच्या खोलीत कॅसेटचे कपाट. त्याची किल्ली बाहेरच खिळ्याला लटकत होती.

"किल्ली सगळ्यांना माहीत, आणि संशय मात्र कुलूप फोडणाऱ्यावर!" वहिनी हसल्या.

त्यांनी ती फसवी कॅसेट हातात घेतली. एका बाजूला शाईचे लेबल, दुसऱ्या बाजूला ब्रेलची उठावदार पट्टी. लेबलाचा कोपरा त्यांनी नखाने उचलून पाहिला. खाली दुसऱ्या लेबलाचा मागमूस नव्हता. मग वाचकांच्या दालनात भिंतीवर ब्रेलचा तक्ता होता, त्याच्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. एक बोट पट्टीवर, एक तक्त्यावर. भावोजींना वाटले, वहिनींना शाळेची आठवण झाली.

आधी यंत्रावर बसणारा ऑपरेटर आला. बोलका माणूस.

"काल दुपारीच मशीन बिघडलं. रात्रभर उघडं पडलं होतं. सकाळी समिती जिने चढत होती आणि मी शेवटचा स्क्रू आवळत होतो!"

"म्हणजे मधल्या वेळात कॅसेट लावून ऐकणं शक्यच नव्हतं?"

"मशीन इथे एकच. कसं ऐकणार?"

"शाईची लेबलं कोण लावतं?"

"मीच. शेवटच्या दोन्ही कॅसेटना काल मशीन बिघडल्यावर एकदमच लावली. चहा पीत, मेव्हण्याशी फोनवर भांडत!"

"भांडण जिंकलात?"

"मेव्हण्याशी कोण जिंकतं, बाई?"

कुलूपवाला दारातच उभा राहिला. बसा म्हटल्यावरच बसला.

"मी नेली नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही फार खोलात जाऊ नका. मला काढलं तर काढू द्या."

"का बरं?"

"सवय आहे मला."

"शेवटचं प्रकरण कसं वाचलंत?"

त्याने मान खाली घातली. "गळा दाटला, बाई. त्या नायकाच्या जागी मीच दिसायला लागलो. थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

"ब्रेल येतं तुम्हाला?"

"शिकायला घेतलं होतं. पण बोटं हत्यारांनी जाड झालीत. ठिपके सगळे सारखेच लागतात."

समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. "कादंबरीतले खलपुरुष पालटतात," ते म्हणाले. "माझ्यासमोर आलेले क्वचितच पालटले. ब्रेल? छे, मला चष्म्याशिवाय साधी अक्षरंही दिसत नाहीत."

"हाच तो!" बाहेर आल्यावर भावोजी कुजबुजले. "राग बघा ना नाकावर!"

"नाकावर राग असला म्हणून हातात कॅसेट नसते, भावोजी."

शेवटी आली कानसेन. जन्मापासून अंध. भरलेली प्रत्येक कॅसेट ती ऐकून तपासत असे, आणि पास झाली की ब्रेलची पट्टी लावत असे. तिचे कान इतके तयार, की वाचणाऱ्याने पान उलटताना श्वास घेतला तरी ती पकडे. हे टोपणनाव वाचकांनीच लाडाने दिलेले.

"आमचा कुलूपवाला सुरुवातीला प्रत्येक दुःखाच्या ओळीला रडायचा," ती सांगत होती. "मी म्हटलं, दादा, रडायचं काम ऐकणाऱ्याचं. तुम्ही ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. नंतर किती सुधारला!"

"आणि शेवटचं प्रकरण?"

"ठीक होतं," ती म्हणाली आणि ओढणी सारखी केली.

संध्याकाळी सगळे बैठकीच्या टेबलाभोवती जमले. वहिनी वर्गात उभ्या राहाव्यात तशा उभ्या राहिल्या.

"अध्यक्षसाहेब, तुम्ही म्हणालात, चोराने लेबल बदललं. पण लेबलाखाली दुसरं लेबल नाही, काढल्याची खूणही नाही. ते पहिल्यापासून तिथंच आहे. मी पट्टी तक्त्याशी ताडून पाहिली. ठिपके आधीचंच प्रकरण सांगतात. म्हणजे ठिपके बरोबर, शाई चूक. आमच्या ऑपरेटरसाहेबांनी मेव्हण्याच्या नादात दोन लेबलं उलटसुलट लावली."

ऑपरेटरने कपाळावर हात मारला.

"म्हणजे खऱ्या शेवटच्या कॅसेटवर शाईने काय लिहिलेलं होतं? त्याच्या आधीच्या प्रकरणाचं नाव. शाई वाचणारा कोणीही शेवटचं प्रकरण न्यायला आला असता, तर चुकीची कॅसेट घेऊन गेला असता. ऐकून खात्री करावी, तर मशीन बंद. तरी नेणाऱ्याने अचूक तीच उचलली. म्हणजे त्याला शाईची चूक दिसलीच नाही. त्याने बोटांनी वाचलं."

"आता कारण," वहिनींचा आवाज मऊ झाला. "जी मुलगी श्वासाची चूकही सांगते, ती गळा दाटलेल्या वाचनाला नुसतं 'ठीक होतं' म्हणेल का?"

कानसेन उभी राहिली. पर्समधून तिने कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली.

"मी नेली. आधी पास केली होती, पट्टीही लावली होती. मग घरी जाता जाता मन खाऊ लागलं. समिती हे रडणं ऐकेल आणि म्हणेल, चोर दयेची भीक मागतोय. म्हणून परत फिरले. सकाळी लवकर येऊन दादांकडून पुन्हा वाचून घेणार होते. पण मशीन बंद, आणि समिती दारात. मग चोरीचा शब्द निघाला, नाव दादांचं आलं... आणि मी गप्प बसले. माझ्यावर कोणी संशय घेणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी राजीनामा देते."

"आणि तुम्हाला हे माहीत होतं?" अध्यक्षांनी कुलूपवाल्याला विचारले.

"अंदाज होता, साहेब. कपाटातून एवढ्या सफाईने अंधारातही वस्तू काढणारे इथे दोघंच. मी काढली नव्हती." तो हसला. "तिची नोकरी गेली असती. माझं काय, माझं नाव आधीच काळं."

अध्यक्षांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "इतकी वर्षं न्याय केला," ते हळूच म्हणाले, "आणि आज सकाळी साक्षीपुरावा न घेताच निकाल देऊन मोकळा झालो."

वहिनी भावोजींकडे वळल्या. "बघितलंत? सरळ माणूस वाकला, वाकडा सरळ उभा राहिला. दोघांचंही मला कौतुकच वाटतं. तिने शेवटी स्वतः उठून सांगितलं, हे विसरू नका."

कुलूपवाला मात्र कानसेनकडेच बघत होता.

"ताई, खरं सांग. वाचन किती वाईट होतं?"

"फार."

"म्हणजे अगदीच?"

"दादा, दुसऱ्या पानापासून नायक मरायला टेकल्यासारखा वाटत होता. आणि तो तर शेवटपर्यंत जिवंत आहे!"

सगळ्यात आधी अध्यक्ष हसले. मग त्यांनी राजीनाम्याचा विषय हाताने उडवून लावला आणि ऑपरेटरला म्हणाले, "नवी कॅसेट घाला. पंखा बंद करा. आणि तुम्ही दोघं आत जा. आम्ही बाहेर थांबतो, कितीही वेळ लागू दे."