बायनाबाईंनी सोडलेलं वरण

चैत्राच्या उन्हात शाल पांघरून बसलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

१९८६ साल. मी कावेरी, परभणीच्या कॉलेजात आहारशास्त्र शिकत होते आणि पोखर्णीच्या नरसिंहाच्या देवळाबाहेर बायकांना आहाराबद्दल समजावत होते. त्यांच्या मागे तो... शाळेतले रंगनाथ मास्तर. गालफडं बसलेली, डोळे मात्र टवटवीत.

"हाडांच्या आत मगज असतो," मी सांगत होते. "त्यातल्या मूळपेशींपासून रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मतात. त्यांना अमिनो आम्लं लागतात. ज्वारीत त्यातलं एक फार कमी असतं, ते डाळीतून मिळतं."

"डाळ बंद असली तर?" मागून प्रश्न आला.

"लढणारे कमी पडतात. दुखणी सारखी येतात."

"म्हणजे आमचंच वर्णन करायलात तुमी," तो हसला. ते हसू मला फार आवडलं, आता लपवून काय करायचं!

त्याचा मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, औषधांनी गेला होता, पण मागची कणकण काही केल्या हटत नव्हती. डाळ जड, म्हणून त्याच्या आईने, बायनाबाईंनी, नरसिंहाला नवस बोलला होता: लेक ठणठणीत होईस्तोवर त्याच्या तोंडी डाळ नाही. आणि डाळीवाचून तो ठणठणीत होणार कसा?

वाद घालायचा नाही असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले आणि तासभर वाद घातला.

बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "देवाला दिलेला शब्द मोडू व्हय? पर नवस बोलले मी, तर त्याच्याबदली डाळ मीच सोडते. माझी सून वाढंल तवाच खाईन. वाढ त्याला, पोरी."

इतकं मोठं मन माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

मग मी पोखर्णीला जातच राहिले. पेशंट बघायला — असं मैत्रिणींना सांगायची. पावसाळा सरता सरता मास्तर मला एसटीपर्यंत सोडायला आले, ताठ चालत, शालीशिवाय.

"मॅडम, एक शंका हाय. उतारवयात डाळ सोडून चालतं?"

"मुळीच नाही. तेव्हा तर जास्त जपावं लागतं."

"मग आईच्या मूळपेशींचं कसं करायचं?" तो रस्त्याकडे बघत म्हणाला. कान लालभडक झाले होते. "त्याला इलाज एकच हाय... पर तुमी हो म्हणायला पाहिजे."

एसटी आली, थांबली, कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती निघून गेली.

"मला वरण धड येत नाही," मी म्हणाले.

"मला येतं. शिकवीन."

"मग हो."

लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाला मी बायनाबाईंच्या वाटीत वरण वाढलं. त्यांनी नरसिंहाला हात जोडले आणि भुरका मारला.

"लय पातळ झालंय," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे केली.