मुलींच्या बाजूचं नवं बांधकाम

दिवाळीच्या सुट्टीत जो माणूस शाळेत जातो त्याचं घरी काहीतरी बिनसलेलं असतं, असं वासंतीबाई साठ्ये नेहमी म्हणत. तरी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, त्या स्वतःच खडकीतल्या आपल्या शाळेच्या फाटकाशी रिक्षातून उतरल्या. काम अगदी किरकोळ होतं. सुट्टीत शाळेची डागडुजी काढली होती. भिंतींना रंग, व्हरांड्यावर नवे पत्रे, आणि मुलींसाठी सहा स्वच्छतागृहांचं नवं बांधकाम. शाळेचं चार पानी वार्तापत्र गेली पंचवीस वर्षं बाईच लिहीत. पूर्वी ते छापून मुलांच्या दप्तरातून घरी जाई, आता पालकांच्या मोबाइलवर जातं, एवढाच काय तो फरक. मुख्याध्यापक देवस्थळी सरांचा सकाळीच पुन्हा निरोप आला होता: ‘बाई, मुलींच्या बाजूचे तीन फोटो आणि ऐंशी शब्द. सोमवारी उद्घाटन.’

ऐंशी शब्द म्हणजे बाईंच्या डाव्या हाताचा मळ. मराठी शिकवण्यात तेहेतीस वर्षं गेली होती, पुढच्या मे महिन्यात निवृत्ती. पण गेले चार दिवस त्या हा मजकूर टाळत होत्या.

फाटकावर रखवालदार महिपती होता. किल्ली देताना तो म्हणाला, “नळ नका सोडू बाई. पानी अजून जोडलं नाय. टाकी उद्या चढवायची हाय. आत समदं कोरडं ठणठणीत हाय बघा.”

“मी काय आंघोळीला आले आहे का?” बाई म्हणाल्या. महिपतीला सवय होती. तो हसला आणि डबा उघडून जेवायला बसला.

पटांगण ओलांडताना बाईंची सावली पायाखाली गोळा झाली होती. रेल्वेच्या रुळांकडून एक लोकल गेल्याचा आवाज आला आणि तोही विरला. मग मात्र कसलाच आवाज नाही. दीडशे पोरींचा चिवचिवाट ऐकायची सवय असलेल्या कानांना ती शांतता टोचायला लागली. पूर्वी इथेच, याच कोपऱ्यात, मुलींची दोन जुनी मुताऱ्यांची खोपटी होती. दोन खोपटी, दीडशे मुली आणि एक कुलूप. कुलपाची किल्ली शिक्षकखोलीत. किल्ली मागायची तर तासाला असलेल्या बाईंची परवानगी लागे.

आता ते सांगायलाच हवं. बाईंनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एकवीस वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात प्रियदर्शनी गावंडे नावाची मुलगी होती. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला, माणसं मूळची अकोल्याकडची. मुलगी हुशार, पण बोलणं सगळं तिकडचं, म्हणून वर्ग तिला हसायचा. वासंतीबाईंचे टोमणे तर तेव्हा शिक्षकखोलीत चहाबरोबर चघळले जायचे. एका सकाळी तिसऱ्या तासाला प्रियदर्शनीने करंगळी वर केली. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. दहा मिनिटांनी ती उभीच राहिली. “बाई, मले जाऊ द्या ना...”

बाई फळ्याकडून वळल्या आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे म्हणे पाण्याचं दुर्भिक्ष. मग तुलाच बरी दर तासाला लागते?”

वर्ग खदाखदा हसला. बाईंनाही आपलं वाक्य आवडलं. त्यांनी अर्धं मिनिट त्या हसण्याची चव घेतली, आणि तेवढ्यात व्हायचं ते झालं. उभ्या उभ्याच. निळा स्कर्ट, पांढरे मोजे, फरशी. मग जे हसू उसळलं ते पहिल्यापेक्षा मोठं होतं, आणि बाईंनी ते थांबवलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही ओठ दाबावे लागले होते.

त्या दिवसानंतर प्रियदर्शनीने शाळेत करंगळी कधी वर केली नाही. ती पाणीच प्यायची बंद झाली. सात ते साडेबारा, थेंबसुद्धा नाही. जानेवारीत तिला ताप आला, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते, आणि फेब्रुवारीत ती गेली. बाई इतर शिक्षकांबरोबर भेटायला गेल्या. तिची आई, यमुनाबाई, कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, “शायेत पानीच पेत नव्हती पोरगी. काऊन म्हनलं, तं सांगे नाही.” बाईंनी मान खाली घातली, समोर आलेला चहा प्यायला, आणि परत येऊन वार्तापत्रात दोन ओळी लिहिल्या. ‘अल्पशा आजाराने दुःखद निधन’. त्या दोन ओळींची त्यांना अजून लाज वाटते. टोमण्यापेक्षाही जास्त.

नव्या दाराचं कुलूप सहज निघालं. आत रंगाचा आणि पांढऱ्या सिमेंटचा वास कोंडला होता. डावीकडे सहा दारं, उजवीकडे मुलींच्या उंचीला लावलेली बेसिनं आणि त्यांच्यावर लांबच लांब आरसा. आरशावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, त्यामुळे त्यात सगळं दुधाळ दिसत होतं. बाईंनी एक फोटो काढला. दुसरा काढला. तिसऱ्यासाठी त्या पार आतल्या टोकाला गेल्या आणि मोबाइल वर केला.

तेव्हा तो दुसरा वास आला. उन्हात वाळत चाललेल्या ओल्या युनिफॉर्मचा. शिक्षकाच्या नाकाला तो ओळखावा लागत नाही.

कुठेतरी पाणी ठिबकत होतं. टप्... मग बराच वेळ काही नाही... मग टप्. नळाला पाणी नव्हतं. बाईंनी सहाही नळांकडे पाहिलं. तोंडं कोरडी होती.

“महिपती?” त्यांनी हाक मारली. आवाज टाइल्सवर आपटून परत आला.

आरशातल्या दुधाळ पडद्यात, मागे, दाराच्या उजेडात, काहीतरी निळं उभं होतं. स्कर्टाएवढं निळं. त्याच्या बाजूने एक हात हळूहळू वर येत होता. चेहरा दिसत नव्हता. हाताची बाकीची बोटं मिटलेली होती.

“बाई... मले जाऊ द्या ना...”

बाईंना मागे वळता येईना. मानच वळेना. एकवीस वर्षं त्यांनी या क्षणाची तयारी केली होती म्हणा ना. अंथरुणात पडल्या पडल्या किती वेळा माफी मागून झाली होती. पण खोटं कशाला बोला, त्या घटकेला त्यांच्या जिभेवर पहिल्यांदा आला तो टोमणाच. ‘आता आठवण झाली का?’ हेच शब्द. सवयीने, आपसूक. त्यांनी ते दातांखाली धरले आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

“जा,” त्या म्हणाल्या. आवाज फुटला नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या, “जा... जा बाळ. जा.”

पाठीमागून कुणीतरी गेलं. गारवा लागला, ओल्या मोज्यांचा पचपच आवाज झाला. सहावं दार लागलं. कडी सरकली आणि कडीवरची हिरवी खूण लाल झाली.

बाई उभ्या राहिल्या. किती वेळ ते त्यांना सांगता येत नाही. आतून काहीही ऐकू येत नव्हतं. मग लाल खूण आपोआप हिरवी झाली, दार बोटभर उघडलं. आत कोणी नव्हतं. फरशीवर सिमेंटची पांढरी पूड जशीच्या तशी होती, तिच्यावर पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं.

फाटकाशी महिपती म्हणाला, “काय झालं बाई? घामानं भिजलात की.”

“ऊन आहे,” बाई म्हणाल्या.

रिक्षात बसल्यावर मात्र त्यांना हलकं वाटलं. इतकं हलकं की रडू आलं. पोरीला जायचं होतं, ती गेली. संध्याकाळी त्यांनी कागद पुढे ओढला आणि लिहिलं: ‘याच जागी सहावीतल्या प्रियदर्शनी गावंडेला मी जाऊ दिलं नाही. पुढे जे झालं त्याला मी कारण आहे.’ दोन वाक्यं होती. ती त्यांनी तीनदा वाचली. मग वाटलं, देवस्थळी सर काय म्हणतील. मग वाटलं, पाहुण्यांसमोर शाळेची शोभा. मग वाटलं, पोरीने तर स्वतः येऊन विचारलं आणि आपण ‘जा’ म्हटलं, ज्याचं त्याला मिळालं, आता हे जगाला कशाला? सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो असा. त्यांनी ती दोन वाक्यं खोडली आणि लिहिलं, ‘विद्यार्थिनींची अनेक वर्षांची गैरसोय दूर’. मजकूर बरोबर ऐंशी शब्दांचा झाला. सोमवारी फीत कापली गेली, टाळ्या पडल्या, आणि वार्तापत्राखाली पालकांचे अंगठेच अंगठे उमटले.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा दीपमाला शिक्षकखोलीत म्हणाली. ही नवी, तरुण शिक्षिका, जरा जास्तच बारीक पाहणारी. “मॅडम, एक वीअर्ड गोष्ट आहे. मुलींच्या बाटल्या भरलेल्या येतात आणि भरलेल्याच घरी जातात. नवीन ब्लॉक कुणी वापरतच नाहीये. मावशी म्हणाल्या, फरशी पुसायलाच लागत नाही.”

वासंतीबाईंनी कप खाली ठेवला.

“आणि सहावीतली शेफाली चार दिवस नाहीये,” दीपमाला म्हणाली. “तिच्या आईचा मेसेज आलाय. युरिन इन्फेक्शन. ताप उतरत नाहीये म्हणे, आज ॲडमिट करतायत.”

मधल्या सुट्टीच्या आधीचा तास बाईंचा सहावीवरच होता. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. मुलांना त्यांनी पटांगणात पाठवलं, दार लोटलं आणि खुर्चीत बसल्या. तीस मुली त्यांच्याकडे बघत होत्या.

“नव्या स्वच्छतागृहात तुम्ही का जात नाही?” त्यांनी विचारलं. आवाज शक्य तितका मऊ ठेवला. “रागावणार नाही मी.”

पहिल्या बाकावरच्या कादंबरी नावाच्या मुलीने इकडे तिकडे पाहिलं. “बाई... तिथे आत एक बाई उभ्या असतात.”

“कोण बाई?”

“सहाव्या दाराशी. सारखं ‘जा, जा’ म्हणतात. हळू आवाजात... ‘जा बाळ, जा’...”

“मग जायचं की,” वासंतीबाई म्हणाल्या. “त्या काही अडवत तर नाहीत ना?”

“नाही. पण...” कादंबरी अडखळली. मागच्या बाकावरच्या दोघी-तिघींनी माना खाली घातल्या. “त्यांची साडी ओली असते, बाई. मागून. आम्ही आत गेलो की त्या दोन्ही हातांनी झाकायला बघतात. आमच्याकडे बघतच नाहीत, भिंतीकडे तोंड करून ‘जा, जा’ करतात. आम्हालाच कसंतरी होतं. मग आम्ही परत येतो.”

“कोण आहेत त्या? ओळखीच्या आहेत?”

कादंबरी फक्त बाईंकडे बघत राहिली, आणि तिच्याबरोबर सगळा वर्ग.

“मी तर इथे तुमचा तास घेत असते,” वासंतीबाई कशाबशा म्हणाल्या.

“हो ना,” कादंबरी म्हणाली. “तेव्हासुद्धा.”

मधल्या सुट्टीची घंटा झाली. एकही मुलगी जागची हलली नाही. बाहेरून मुलांचा आरडाओरडा येत होता. कादंबरी उभी राहिली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “बाई, आज तुम्ही चला ना आमच्याबरोबर. तुम्ही असलात तर आम्ही जाऊ.”

आता सांगायला हवं होतं. नाव घेऊन, सगळं, पहिल्यापासून. शेफाली तिकडे तापात होती. वासंतीबाईंनी तोंड उघडलं, “एक मुलगी होती... प्रियदर्शनी गावंडे...” आणि उठण्यासाठी टेबलाला हात लावला. पण त्यांना उठता येईना. साडीच्या आतून, मांड्यांवरून, घोट्यांपर्यंत काहीतरी कोमट हळूहळू खाली उतरत होतं, आणि ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. खुर्चीच्या पायाशी फरशीवर पहिला थेंब पडला. टप्.

कादंबरीची नजर खाली गेली. मग तिच्या शेजारणीची. मग एकेक करत तीसही मुलींची.

वर्गात कोणीच हसलं नाही.