हात वर करीपर्यंत

निवडणूक आटोपली आणि बालाजीरावांची बंदूक पोलीस ठाण्यातून घरी परत आली. दोन हजार नऊचा मे महिना. निवडणुकीपुरती परवान्याची हत्यारं जमा करायची असतात, आणि बालाजीराव हा नियम दर वेळी न चुकता पाळत. रिक्षातून उतरल्यावर त्यांनी कॅनव्हासची लांब पिशवी माझ्या खांद्यावर दिली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते, वजन उचलायला मनाई होती.

मद्रासच्या वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर एकच खोली होती, तिच्यात मी भाड्याने राहायचो. मी मूळचा सांगलीचा. तांबरमच्या पुढे एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायची नोकरी. आम्ही तपासणीवाले लोक लग्नाला गेलो तरी नवरीआधी मांडवाचा खांब कललाय का ते बघतो. बालाजीराव आणि हेमावतीकाकू तंजावरकडचे मराठी; मला तमिळ रिवाजाने ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायचे. त्यांची मराठी मला जुन्या पोथीतून आल्यासारखी वाटायची, आणि माझी मराठी वर्तमानपत्र वाचल्यासारखी आहे, असं काकू चिडवायच्या. घरापासून इतक्या लांब मला कुणी चिडवणारं होतं, याचं मला फार बरं वाटायचं.

कॉलेजात एनसीसीमध्ये मी रायफल चालवली होती. त्यामुळे पिशवी उघडल्यावर राहवलं नाही. जुनी शिकारी रायफल, वर तितकीच जुनी दुर्बीण. चुकून उडू नये म्हणून तिचा बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि दुर्बिणीला डोळा लावला. आतल्या फुलीची उभी तार डावीकडे झुकलेली होती, चांगली सहा-सात अंश.

“काका, दुर्बीण वाकडी बसलीय.”

“ठाऊक आहे. मीच तशी बसविली.”

“सरळ करून देऊ? अर्ध्या तासाचं काम आहे.”

ते थोडा वेळ बंदुकीकडे बघत राहिले. ऑपरेशनपासून ते सगळ्याच गोष्टींकडे नव्याने बघत असत. “चाळीस वर्षें वांकडें पाहिलें,” ते म्हणाले. “सरी, ठीक आहे. कर सरळ.”

स्वयंपाकघरातून काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. “तंबी, ह्यांचा नेम मोडूं नको.”

मी हसलो. “मोडत नाहीये काकू. उलट नेम सरळ करून देतोय.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिसऱ्याच भाषेत बोललो. मग त्या काकांकडे वळल्या. काका खिडकीबाहेर बघत होते.

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. बोल्ट काकांच्या हवाली केला. खोलीतल्या टेबलाला सुताराचा आवळायचा शेगडा लावला, त्यात फडकं घालून रिकामी बंदूक पक्की धरली आणि तिच्यावर पाणसळ ठेवून बुडबुडा बरोबर मध्ये आणला. आता बंदूक सरळ होती. दुर्बीण सरळ करायची तर समोर एक खरी उभी रेघ हवी, आणि जगात ओळंब्याइतकी खरी उभी रेघ दुसरी नाही. काकांनी ट्रंकेतून स्वतःचा जुना पितळी ओळंबा काढून दिला. निवृत्त होईपर्यंत ते भूमापक होते, निलगिरीतल्या खासगी मळ्यांच्या हद्दी मोजायचे.

माझ्या खिडकीसमोर, मधली दोन घरं सोडून, रामस्वामींची तीन मजली इमारत रंगकामासाठी रिकामी केलेली होती. त्यांच्याकडून गच्चीची किल्ली आणली आणि टाकीच्या पाइपाला पांढऱ्या दोऱ्याने ओळंबा टांगला. दोरा आधी आखूड पडला म्हणून दोनदा जावं लागलं. फाटक, कोपऱ्यावरचं चहाचं दुकान, वळण, तीन जिने. एका वेळची चार मिनिटं. सवयीने मोजली.

खोलीत येऊन दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू सैल केले. उभी तार दोऱ्यावर तंतोतंत बसेपर्यंत दुर्बीण हलक्या हाताने फिरवली. मग एक स्क्रू इकडचा, एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळत आणले. स्क्रूंवर नेलपॉलिशची रेघ ओढली, म्हणजे जरा जरी हलला तरी कळावं. वारा नव्हता, तार आणि दोरा एक झाले होते. मी स्वतःवर खूश होऊन जेवायला खाली गेलो.

पावणेतीनला समुद्रावरून वारा आला. मद्रासच्या उन्हाळ्यात माणसं दिवसभर ज्याची वाट बघतात, तो हा वारा. मांबलम स्टेशनकडून गाडीचा आवाज एकदम जवळ आला, गच्च्यागच्च्यांवरचे कपडे फडफडायला लागले. समोर ओळंबा घड्याळाच्या लंबकासारखा झुलताना साध्या डोळ्यांनाही दिसत होता.

सहज दुर्बिणीतून पाहिलं. दोरा स्थिर होता.

डोळा काढला. झुलतोय. डोळा लावला. स्थिर. त्याच्या शेजारच्या दोरीवरचा निळा टॉवेल मात्र दुर्बिणीतही फडफडत होता.

काच तपासली, डोळा बदलला, पाणी पिऊन आलो. उन्हाने हवा थरथरते तेव्हा भलतंसलतं दिसतं, हे मला माहीत होतं. पण थरथरत्या हवेत स्थिर वस्तू हललेली दिसते. हलणारी वस्तू स्थिर दिसल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं. मी वहीत वेळ लिहिली आणि त्याखाली काहीच लिहू शकलो नाही.

रविवारी जेवण झाल्यावर पुन्हा बसलो. या वेळी घाई केली नाही. बराच वेळ बघत राहिल्यावर दुर्बिणीतलं ऊन हळूहळू उतरलं. कडेकडेने पांढरं काहीतरी आत आलं, आणि टॉवेल, टाकी, पाइप त्यात बुडून गेले. मला थंडी वाजली. मेमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, माझ्या हातावर काटा आला आणि नाकात निलगिरीच्या पानांचा वास भरला. खरं सांगतो, भीती वाटली नाही. तिथून उठूच नये असं वाटत होतं. भीती नंतर वाटली, ती त्या वाटण्याचीच.

पांढऱ्यात आता फक्त दोरा उरला होता. त्याच्या खालच्या टोकाला, ओळंब्याच्या जरा वर, दोन बोटं होती. दोऱ्याला चिकटून, अलगद धरलेली. मनगटाला काळा गंडा. मनगटाच्या पुढे धुकं.

“दिसला?”

बालाजीराव दारात उभे होते. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

मी खुर्ची सोडली. “हात दिसतोय, काका. कुणीतरी ओळंबा धरलाय.”

“जनकोजी,” ते म्हणाले. “आमच्याच गांवचा. बारा वर्षें माझा ओळंबा त्यानेंच धरला. कितीहि वारा असो, हलूं देत नसे.”

ते माझ्या खाटेवर बसले आणि सांगू लागले. आवाज अगदी साधा होता. मळ्याची हद्द मोजत होते. धुकं आलं, मोजणीच्या दुर्बिणीवर ओल चढली. काम संपवायची घाई. रानडुकरांसाठी भरून ठेवलेली ही बंदूक जवळ होती, म्हणून तिच्याच दुर्बिणीतून त्यांनी रेघ पाहिली.

“त्याला ओरडून सांगितलें, मी हात वर करीपर्यंत हलूं नको. मग माझें बोट घसरलें.” त्यांनी चष्मा काढला. “गोळी लागली, तंबी, तरी ओळंबा हलला नाहीं. मी पाहत होतों ना. मग धुक्यानें सगळें झाकलें. मी हात वर केलाच नाहीं.”

मोजणीत हात वर करण्याचा अर्थ मला माहीत होता. रेघ मिळाली, काम झालं, सामान गुंडाळून इकडे ये.

“हेमावतीनें देवापुढें माझ्याकडून नेम घेतला. ह्या दुर्बिणींतून सरळ पाहायचें नाहीं, हात वर करायचा नाहीं. हात वर केला तर तो येईल, तुम्हांला घेऊन जाईल, म्हणाली. म्हणून वांकडी बसविली. विकली नाहीं, कारण घेणारा ती सरळ करील.”

तेव्हा मला कळलं. काकूंचा नेम म्हणजे व्रत. मी ऐकला तो निशाणा. शब्द एकच, आणि मी केवढ्या ऐटीत हसलो होतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“काका, मी आत्ता वाकडी करतो.” मी स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“नको. चाळीस वर्षें उभा आहे बिचारा. त्याचीं बोटें दुखत असतील.”

ते खुर्चीत बसले, ऑपरेशन केलेला डोळा काचेला लावला. मी त्यांचा दंड धरायला हवा होता. आजही तेच वाटतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतका विसावा होता, की माझा हात पुढे गेला नाही.

त्यांनी उजवा हात सरळ वर केला.

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर पाइपाखाली दोरा नव्हता.

“सुटला,” काका म्हणाले. “तूं खालीं जा. काकूला कॉफी सांग. तीन.”

मी धावत उतरलो. काकू गॅसजवळ होत्या, दूध वर येत होतं.

“काकांनी तीन कॉफी...”

“हात वर केला कां?”

“हो.”

त्यांनी गॅस बंद केला आणि तीन पेले धुऊन पुसून मांडले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. “मी नेम म्हणालें, तंबी,” त्या हळूच म्हणाल्या. “तूं नेम ऐकलास.”

बाहेर फाटकाची कडी वाजली.

मी घड्याळात पाहिलं. काकांनी हात वर केल्यापासून चार मिनिटं.

फाटकापासून जिन्यापर्यंतच्या बोळात कुणी नव्हतं. जिना रिकामा होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि अरुंद बोळात समोरून पुरुषमाणूस आल्यावर बायका सरतात तशा, पदर आवरून, भिंतीला लागून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी पदर सोडला.

“आतां चल,” त्या म्हणाल्या.

बालाजीराव खुर्चीत होते. हात मांडीवर, डोळे मिटलेले. डॉक्टर नंतर म्हणाले की हृदय थांबलं, या वयात असं होतं. काकू त्यांच्या पायाशी बसल्या आणि त्यांचे तळवे चोळत राहिल्या.

टेबलावर, बंदुकीच्या शेजारी, पितळी ओळंबा ठेवलेला होता. दोरा त्याच्याभोवती नीट, एकावर एक वळसे घालून गुंडाळलेला, मुरलेला माणूस गुंडाळतो तसा. रामस्वामींच्या गच्चीची किल्ली माझ्या खिशात होती.

मी ओळंबा उचलला. टोकाला तांबडी माती होती. दोरा धुक्याने भिजून गार झाला होता, आणि जिथे दोन बोटं बसतील, तेवढाच कोरडा आणि कोमट होता.