तात्यांची शेवटची फेरी

तू म्हणशील, या आमरीनला भुतंखेतं कुठून सुचायला लागली? हस बाई, खुशाल हस. माझ्या कामात भुतं नसतात, हजेरीच्या अडकलेल्या फाइली असतात; त्या दुरुस्त करून सॉफ्टवेअरमध्ये चढवायच्या.

चितेगावच्या बियाण्याच्या गोदामातून फोन आला तेव्हा दुपार कलली होती. गेटवरच्या अंगठ्याच्या मशीनची हजेरी सॉफ्टवेअर घेत नव्हतं. किडीसाठी आत विषारी धुरी द्यायची होती. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर आल्याची नोंद चढल्याशिवाय दार लावायचं नाही, असा तिथला नियम. पडेगावहून स्कूटी काढली आणि गेले.

मॅनेजर साहेबराव घाम पुसत बसले होते. "म्याडम, लौकर करा. धुरीवाले खोळंबलेत."

फाइल उघडली. तारखांमध्ये दिवस-महिने उलटे झालेले, ते सरळ केले. एक्सेलनं कामगारांच्या नंबरांपुढची शून्यं खाल्लेली, ती परत घातली. पुन्हा चढवली. सगळ्या ओळी गेल्या, एकच अडली. रामकिसन. आत गेल्याची वेळ होती, बाहेर आल्याची नव्हती. सॉफ्टवेअर म्हणे, हा माणूस कामावरच नाही.

"हे कोण, मामा?"

साहेबरावांचा आवाज खाली आला. "आमचे मुकादम, रामकिसनतात्या... दिवाळीत वारले. धुरीआधी शेवटची फेरी त्यांचीच. पोत्यांच्या थप्प्यांमागं हाका मारत फिरायचे, 'कोन हाय का रं आत?' सगळी निघाली की मंगच बाहेरचा अंगठा लावायचे."

"मशीनचा घोळ असेल," मी म्हटलं. अशा वेळी मी लई शहाणी होते. ओळ पुसायला बोट ठेवलं... आणि गोदामाच्या उघड्या दारातून चपला घासत चालल्याचा आवाज आला. थांबत, पुन्हा चालत. बियाण्याच्या औषधाचा कडवट वास नाकात बसला. माणसं तर सगळी माझ्या खिडकीसमोर चहा पीत होती.

"मामा, आत जाऊन बघा ना एकदा."

"समदी बाहेर हायेत, म्याडम. तुमचं सॉफ्टवेअरच म्हणतंय."

"तरी बघा. माझ्यासाठी."

शेवटच्या थप्पीमागं तिथली एक कामगार, साळूबाई, बेशुद्ध पडली होती. अंगठा लावून बाहेर आलेली, पण डबा विसरला म्हणून तशीच परत शिरली आणि चक्कर येऊन कोसळली. तिला उचलून बाहेर आणलं, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा डोळे उघडले. या अल्लाह! माझ्या एका बोटानं बाई गेली असती. मला तिथंच रडू फुटलं.

फाइल मशीनमधून नव्यानं काढली. तात्यांच्या ओळीत आता बाहेर आल्याची वेळ होती. मनातल्या मनात सलाम करून मी ती ओळ बाजूला काढली, आणि फाइल चढली.

इथवर ठीक होतं गं. तात्या भला माणूस, असं म्हणून मी शांत झोपत होते. पण आज सकाळी साहेबरावांचा फोन आला. काल पुन्हा धुरी होती, पुन्हा फाइल अडकली.

"तात्याच का?"

"व्हय. कोपरान् कोपरा धुंडाळला, म्याडम. माणसं मोजली, समदी बाहेर. मंग ओळ काढली अन् दार लावलं."

"बरोबर केलं, मामा."

पलीकडं माउसची टिकटिक ऐकू आली.

"आत गॅस भरलाय, आता दार उघडता येत नाय... अन् म्याडम, आत्ताच मशीनमधनं फाइल नव्यानं काढली. तात्या अजून बाहेर आले नायत."